आईला एस्सिटालोप्राम सुरू केले आहे : पहिले काही आठवडे कसे सांभाळावेत?

मळ्याची_वाट : बाबा गेल्यापासून माझ्या आईचे (वय 68, मुक्काम तासगाव) जेवणखाण आणि झोप दोन्ही बिघडले होते. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध 5 मिलिग्रॅम दिले असून दोन आठवड्यांनी ते 10 करायचे आहे. रक्तदाबासाठी ती टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी घेते. गुडघे फार दुखले की डायक्लोफेनॅकही घेते. ते मात्र कोणाला न विचारता. औषध घ्यावे की नाही, हा प्रश्न कृपया येथे नको, कारण तो निर्णय झालेला आहे. गोळी सकाळी द्यावी की रात्री, आणि सुरुवातीला कशावर लक्ष ठेवावे, एवढेच विचारायचे आहे. औषधे व तपासण्या मिळून महिन्याला हजार रुपयांच्या आत बसावे.

कोथरूडचा_कट्टा : ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गोळ्यांच्या नादी लागण्याआधी पुण्यात चांगला समुपदेशक गाठा. आमच्या सासूबाईंना दर आठवड्याला नेत होतो, एका बैठकीचे 1,800 रुपये पडत, पण गुण आला. तासगावहून रेल्वेने येणे काही अवघड नाही.

अनघा_कु : हजारात बसवा म्हटल्यावर महिन्याला 7,200 रुपयांचा उपाय सुचवणाऱ्यांना माझा नमस्कार. मी स्वतः हेच औषध घेते. पहिल्या आठवड्यात मळमळते, तोंड कोरडे पडते, आणि मन हलके होण्याऐवजी उगाचच अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते. पुष्कळ जण याच टप्प्यावर गोळी टाकून देतात. खरा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून अधिक. सकाळी न्याहारीनंतर द्या; मी रात्री घेतली की छताकडे बघत पडून राहायचे.

सडेतोड_नाना : या गोळ्यांची सवय लागते, हे कोणी सांगत नाही. आमच्या भाच्याला इतकी वर्षे झाली तरी त्या सुटत नाहीत. एक दिवस चुकली की त्याचे हात थरथरतात.

अनघा_कु : नाना, भाच्याची पट्टी एकदा नीट वाचून बघा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (घबराट शमवणारे, गुंगी आणणारे औषध) एकाच गोळीत सर्रास दिले जाते, आणि सवय लागते ती क्लोनाझेपामची. ते काही आठवड्यांपुरते असते, पण जुनी चिठ्ठी दाखवून लोक वर्षानुवर्षे तेच आणत राहतात.

सडेतोड_नाना : पट्टी वाचली. दोन्ही नावे आहेत. तरीही माझे मत कायम आहे.

टोरांटोकर : इकडे या गटातील औषधांच्या माहितीपत्रकावर आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा छापलेला असतो. भारतात रुग्णाला कोणी काही समजावून सांगत नाही, हेच आपले दुर्दैव.

औषधपेटी : मी चाळीस वर्षे औषधविक्रेता होतो, आता दुकान मुलाकडे आहे. अमेरिकेत तो इशारा 2004 साली मुले व किशोरांसाठी आला आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. 68 वर्षांच्या बाईंसाठी तो लिहिलेला नाही. अर्थात एकाएकी तगमग वाढली किंवा जगण्याबद्दल निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर वय न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रात्री-अपरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

ताईंच्या प्रश्नातली खरी काळजीची गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे सोडियम बाहेर टाकते, आणि एस्सिटालोप्राममुळे शरीर पाणी धरून ठेवते. उतारवयात, त्यातही स्त्रियांमध्ये, दोन्ही एकत्र आली की पहिल्या महिन्यातच रक्तातले सोडियम घसरू शकते. मग माणूस असंबद्ध बोलतो, चालताना तोल जातो, डोके दुखते, आणि घरचे म्हणतात, ‘वयच झाले आता.’ सुरू करताना एकदा आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा सोडियम तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. साधी रक्ततपासणी आहे, तुमच्या हजारात बसेल. डायक्लोफेनॅकसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तेही त्यांच्या कानावर घाला. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामके परस्पर देऊ नका. पित्तासाठी ओमेप्राझोल घेत असतील तर तेही सांगा, कारण त्याने या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. साठी-पासष्टीनंतर सहसा 10 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण मात्रा वाढते तसा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो.

कोथरूडचा_कट्टा : म्हणजे मी म्हणत होतो तेच. गोळ्या नकोतच.

औषधपेटी : मी असे कोठेही म्हटलेले नाही.

जयसिंगपूरकर : बाकीचे सोडा, महागड्या नाममुद्रेची गोळी घेऊ नका. मी जनऔषधी केंद्रातून आणतो, खर्च नगण्य आहे आणि परिणामात तसूभरही फरक नाही. बरे वाटू लागल्यावर मी गोळी परस्पर बंद केली होती, तेव्हा मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होई. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी केली. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. आणि हो, सकाळीच द्या.

नुसती_वाचक : सकाळीच.

मळ्याची_वाट : सर्वांचे आभार, औषधपेटीकाकांचे विशेष. त्यांचा प्रतिसाद छापून डॉक्टरांपुढे ठेवला. सोडियम 136 आले, म्हणजे सामान्य मर्यादेच्या अगदी कडेला; त्यामुळे आमच्या फिजिशियननी रक्तदाबाची गोळी बदलून नुसते टेल्मिसार्टन दिले आहे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. डायक्लोफेनॅक बंद; गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. नाममुद्रा बदललेली नाही, कारण आई गोळी रंगावरून ओळखते. गोळी मात्र आम्ही रात्रीच देतो आहोत. सकाळी दूध, देवपूजा आणि अंगण यांत ती हमखास विसरते. रात्री मी शेजारी बसून अर्धी गोळी तिच्या तळहातावर ठेवते. झोप उडत नाही ना, एवढे पाहून डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

जयसिंगपूरकर : उडेल. सकाळी द्या.