मदत हवी आहे: बँकॉकला खाओ सान की असोक? आज रात्रीच ठरवायचंय

चाफेकळी
दोन हॉटेलं बुक करून ठेवलीत, एक खाओ सान रोडपासून पाच मिनिटांवर, दुसरं असोकला. फुकट रद्द करायची मुदत आज रात्री १२ पर्यंत आहे. सोबत आई-बाबा. मुख्यतः ग्रँड पॅलेस (जुना राजवाडा) आणि वाट फो, वाट अरुण ही दोन देवळं बघायचीत. नकाशावर तिन्ही खाओ सानजवळ दिसतात, मग लोक असोक का सुचवतात? कृपया थेट उत्तर द्या, "गूगल करा" नको.

भटकभवान्या
विमानतळ कुठला? महिना कुठला? आई-बाबांचे गुडघे कसे आहेत? एवढं सांगितल्याशिवाय थेट उत्तर कसं देणार?

समुद्रफेस
पटायाला दोन दिवस द्याच. कोरल आयलंडला सकाळच्या फेरीने जा, दुपारी गर्दी होते.

चाफेकळी
@समुद्रफेस पटाया विचारलेलंच नाही.
@भटकभवान्या सुवर्णभूमी. बाबा ठीक आहेत, आईला जिने त्रासाचे. महिन्याचा हॉटेलशी काय संबंध?

मीटरडाऊन
असोक. खाओ सानला आजही मेट्रो नाही. जवळचं काय तर फ्रा आथित धक्का, म्हणजे बोट. बाकी सगळं टॅक्सी किंवा टुकटुक. असोकच्या बीटीएस (पुलावरची मेट्रो) स्टेशनखालीच एमआरटीचं, म्हणजे भुयारी मेट्रोचं, सुकुमवित स्टेशन आहे. तिथून निळ्या लाइनने न बदलता सनाम चाय, मधे आठ स्टेशनं. बाहेर पडलं की वाट फो चालत पाच-सात मिनिटं. विमानतळावरूनही सोपं: एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासान (३५ बाथ), तिथून पादचारी पुलाने एमआरटी फेत्चाबुरी, पुढचंच स्टेशन सुकुमवित.

नदीकाठचा
अर्धवट माहिती. सनाम चायहून वाट फो जवळ आहे, ग्रँड पॅलेस नाही. पॅलेसचं पर्यटकांचं दार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर. सनाम चायपासून सव्वा-दीड किलोमीटर, आणि पॅलेसच्या भिंतीच्या कडेने सावली जवळजवळ नाही. तिथली हवा मे महिन्यातल्या मुंबईसारखी, घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. बोटीने जा. बीटीएसने सफान ताक्सिन, खाली साथॉन धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट, ता चांग धक्क्याला उतरा. दार तिथून जवळ, तिकीटही स्वस्त.

मीटरडाऊन
आईला जिने जमत नाहीत असं वर लिहिलंय, वाचलंत का? नारिंगी बोट धक्क्याला टेकते ती अर्धा मिनिट. तरंगता धक्का हलतो, मधे फट असते आणि मागून शिट्टी वाजवून घाई करतात. गर्दीत बसायला जागाही नसते. मेट्रोला लिफ्ट आहेत. सनाम चायहून पॅलेसच्या दारापर्यंत टॅक्सी करा, संपला विषय.

नदीकाठचा
निळ्या झेंड्याची पर्यटक बोट आहे ना, जरा महाग पण शांतपणे चढू देतात. सगळ्या बोटींना एकाच माळेत ओवू नका.

वरणभातवाली
शाकाहारी आहात का? ते कोणी विचारलंच नाही. "भाज्या" मागवल्या तरी त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, किंवा ऑयस्टर सॉस पडतो. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्यात सुकी कोळंबी असते. "माई साई नाम प्ला" म्हणा. पिवळ्या फलकावर लाल थाई अक्षरात "जे" लिहिलेलं दिसलं तर डोळे मिटून खा. त्यात मांस-मासे, अंडी, दूध नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. वाट फो झाल्यावर असोककडे परतताना सनाम चायनंतरचं पहिलंच स्टेशन साम योत, तिथून फाहुरात ही भारतीय वस्ती चालत. गुरुद्वारा आहे, भारतीय खानावळी आहेत.

भटकभवान्या
महिना अजून सांगितला नाही.

चाफेकळी
किती तो महिना! ११ ते १५ एप्रिल. सांगा आता.

भटकभवान्या
हेच विचारत होतो. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, थाई नववर्ष. खाओ सान म्हणजे पाणी उडवण्याचा मुख्य अड्डा. दिवसभर बंदुका, बादल्या, बर्फाचं पाणी, गालांना पांढरी पूड, रात्रीपर्यंत लाउडस्पीकर. तुमच्या हॉटेलच्या दारापर्यंत टॅक्सी येणार नाही, बॅगा घेऊन त्या गर्दीतून चालावं लागेल आणि कोरडं कोणीच राहत नाही. आईला घसरायची भीती वेगळी. खाओ सान रद्द करा, आत्ता.

मीटरडाऊन
+१. पहिल्याच प्रतिसादात असोक म्हटलं होतं.

नदीकाठचा
कारण वेगळं होतं तुमचं.

भटकभवान्या
दुसरा अड्डा सिलोम. म्हणून त्या दिवसांत तिथल्या साला देंग स्टेशनला उतरू नका. असोकच्या गल्ल्यांतही थोडं पाणी उडेल, फोन-पासपोर्ट झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. पॅलेस १२ तारखेला उरका. साडेआठला उघडतो, दारात आधीच हजर राहा, तिकीट ५०० बाथ, दुपारी साडेतीनला विक्री बंद. अकराच्या आत बाहेर पडून थेट एसीत. वाट अरुण चारनंतर: ता तियेन धक्क्यावरून समोर जायला छोटी होडी आहे, तिच्यात चढणं सोपं. मधल्या मनोऱ्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, आईंनी खालीच बसावं. १३ ला वाट फोला गेलात तर लोक बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालताना दिसतील, सोंगक्रानचं मूळ रूप ते. आणि दाराबाहेर कोणी "आज पॅलेस बंद आहे, टुकटुकने दुसरं देऊळ दाखवतो" म्हणालं तर थांबूच नका. ती फेरी रत्नांच्या दुकानात संपते.

वरणभातवाली
पॅलेसला खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेतली तरी कधीकधी परत पाठवतात. साडी उत्तम.

नदीकाठचा
त्या हवेत साडी? सुती काहीही घातलं की एकदा भिजलं ते संध्याकाळपर्यंत ओलंच. पातळ ड्राय-फिट घ्या.

वरणभातवाली
ड्राय-फिटला दुपारपर्यंत जो वास येतो त्याचं काय? सैल मलमल घ्या, आणि मॉलच्या एसीसाठी एक शाल. ओआरएसच्या पुड्या इथूनच न्या.

समुद्रफेस
एटीएममधून बाथ काढू नका, परदेशी कार्डाला दर खेपेला दोनशे बाथच्या वर शुल्क. विमानतळाच्या तळमजल्याखाली, रेल लिंकपाशी, पैसे बदलायच्या खिडक्या आहेत, वरच्यापेक्षा दर बरा.

चाफेकळी
खाओ सान रद्द केलं. धन्यवाद. आता, तिघांचं मेट्रो तिकीट माझ्या एका कार्डावर होईल ना?

मीटरडाऊन
नाही. निळ्या लाइनच्या गेटवर व्हिसा-मास्टरकार्ड टॅप चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. बाकीच्या दोघांसाठी मशीनवर काळं प्लास्टिकचं टोकन घ्या. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना भोकात टाकायचं. बीटीएसचं तिकीट निराळं, तिथे हे टोकन चालत नाही.

चाफेकळी
आणि टीडीएसी काय प्रकार आहे?

भटकभवान्या
मे २०२५ पासूनचं ऑनलाइन आगमन कार्ड, तिघांचंही भरा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, थाई इमिग्रेशनच्या साइटवर. फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.