पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नको

घरच्या दोन अ‍ॅक्टिव्हा मालवणात पर्यटकांना भाड्याने द्यायचा तुमचा विचार वाचला. नंबराची पाटी पांढरी, म्हणजे गाडी खासगी असेल तर सरळ नको म्हणेन. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे लागतात, आणि १९९७च्या 'रेंट अ मोटरसायकल' योजनेखालचा परवाना वेगळा. खासगी विम्यात भाडं बसत नाही. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, मालक म्हणून खेटे तुम्हालाच. ("पाहुणे घरचेच आहेत" हे पोलिसांना पाठ झालंय!)

दुसरं, खारं पाणी. तारकर्लीला पोरं गाडी थेट पुळणीत घालतात. परत आली की आधी स्टँडची स्प्रिंग आणि सायलेन्सरचा खालचा जोड बघा, गंज तिथूनच धरतो. गोड्या पाण्याने लगेच धुवा. डिपॉझिट परत द्यायचं ते त्यानंतरच.