विकत घेतला म्हणजे पाडायचाही हक्क मिळाला का?

तिरपागडा: इंग्लंडात स्टॅफर्डशरमधल्या हिमली गावाजवळ 'क्रुकेड हाउस' हा पब होता. १७६५ सालचं शेतघर, १८३०च्या दशकात पब झालं. जमीन ग्लिन घराण्याची, म्हणून पाटीवर नाव 'ग्लिन आर्म्स'. खालचा कोळसा उपसला, जमीन खचली आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा ४ फूट खाली बसली. आत टेबलावर गोटी सोडली की चढावर निघाल्यासारखी दिसायची! १९४०च्या दशकात इमारत पाडायला निघाली होती. तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टन अँड डडली या ब्रुअरीने ती घेतली आणि धिरे नि लोखंडी तुळया देऊन सावरली. हीच कंपनी २००७मध्ये 'मार्स्टन्स' झाली. तिने जुलै २०२३मध्ये पब विकला. ५ ऑगस्टला रात्री आग लागली, ७ तारखेला उरलेली इमारत पाडून भुईसपाट केली. पोलिसांनी जाळपोळ धरून तपास सुरू केला, त्यावर बोलत नाही. पण तिथल्या स्थानिक कौन्सिलने होकार दिला होता तो फक्त वरच्या मजल्याचा थोडा भाग उतरवायला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी नोटीस काढली: तीन वर्षांत होता तसा बांधा. नव्या मालकांनी अपील केलं. माझ्या मते नोटीस बरोबरच आहे.

हिशेबनीस: परवडत असता तर मार्स्टन्सने विकला असता का? इमारत वारसा यादीत नव्हती. जिला सरकारनेच संरक्षण दिलं नाही, तिचं ओझं शेवटच्या मालकाच्याच डोक्यावर का? कोळसा ग्लिनांच्या काळात निघाला, बिअरचा नफा ब्रुअरीने खाल्ला आणि बिल मात्र याच्या नावावर.

मिडलँड्सकर: यादीत घालायचा अर्ज आगीच्या आधीच गेला होता हो. आणि २०१७पासून इंग्लंडात कुठलाही पब पाडायला नियोजन परवानगी लागते, यादीत असो वा नसो. घेणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं म्हणता?

हिशेबनीस: परवानगी घेतली नाही तर दंड करा, जबर करा. 'पुन्हा बांधा' हे काय? जमीन खचून आलेला वाकडेपणा आता काँक्रीट ओतून आणणार? तो पब नव्हे, जत्रेतला देखावा होईल.

सोडावॉटर: +१. गळे काढणाऱ्यांतले किती जण तिथे आधी गेले होते?

तिरपागडा: नुसता दंड ठेवला तर बिल्डर तो खर्चात धरून मोकळा होईल. लंडनचा कार्लटन टॅव्हर्न बघा. एप्रिल २०१५मध्ये वारसा दर्जा मिळणार तेवढ्यात मालकाने परवानगीशिवाय पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने विटेला वीट लावून बांधायला लावला, २०२१मध्ये पुन्हा सुरू झाला. देखावाच म्हणा हवं तर, पण लोक आत बसून पितात. आणि वाकडेपणाचं म्हणाल तर १९४०नंतर तो ब्रुअरीच्या तुळयांवरच उभा होता. अस्सल काय उरलं होतं?

हिशेबनीस: हा मुद्दा तर माझ्याच बाजूचा झाला! अस्सल नव्हतंच तर एवढा आटापिटा कशाला? प्रेम असेल तर गावाने पैसे काढावेत. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३मध्ये सहकारी संस्था काढून 'ओल्ड क्राउन' घेतलाच ना? रडले नाहीत, शेअर विकत घेतले.

मिडलँड्सकर: त्यांना घ्यायला पब उभा तरी होता. २०११च्या कायद्याने गावासाठी मोलाच्या जागांच्या यादीत नाव असेल तर बोली जमवायला सहा महिने मिळतात. इथे विक्री जुलैत आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राख. वर्गणी कधी गोळा करायची होती म्हणता?