पोरीला पत्रकारितेला पाठवायचं का?
दादा, तुमची पोरगी पत्रकारिता शिकतो म्हणते आणि तुमच्या प्रश्नावर एकानं ‘त्यात पोट भरत नाही’ असं लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात १२ वर्षांपासून पेपरचा तालुका प्रतिनिधी आहे. मानधन तुटपुंजं, १५ ऑगस्टच्या जाहिरातीही आपणच गोळा करायच्या, हे खरंच आहे. पण वाट तेवढीच नाही. पदवी कोणतीही होऊ द्या. पुढे अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात. सरकारी बातम्या-प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या जागा एमपीएससीतून भरतात, त्याला पत्रकारितेचं शिक्षण लागतं. आकाशवाणी आहे, संस्थांचं जनसंपर्काचं काम आहे.

खरं शिकणं मात्र बाजार समितीत होतं. मागच्या हंगामात एका नवख्या पोराला कापसाच्या लिलावाला नेलं. त्यानं पुकारलेला भाव तेवढा टिपला. मग त्याला शेतकऱ्याच्या हातातली हिशोबाची पट्टी वाचायला लावली. ओलाव्यापोटी क्विंटलमागे कापलेले पैसे त्यात होते. बातमी ती होती! पोराचा चेहराच बदलला.

पोरीला आधी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकवा, १० रुपयांत होतो. गावच्या नळयोजनेपासूनच सुरुवात करू द्या.