सोसायटी ग्रुपवरील चर्चा : झेब्रुगे बंदरावरून ब्रुजची एक दिवसाची सहल

ए विंग, ५०२ :
सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आणि हे साउथॅम्प्टनहून सुटणाऱ्या क्रूझला जात आहोत. बेल्जियममधील झेब्रुगे बंदरात आमचे जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार आहे. त्या दिवसासाठी तीन पर्याय दिले आहेत : ब्रुसेल्स आणि ब्रुज एकत्र, मार्गदर्शकासह फक्त ब्रुज, आणि ब्रुजपर्यंत केवळ बसने नेणे-आणणे. यांचा गुडघा दुखतो आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. ज्यांनी ब्रुज हे गाव पाहिले आहे त्यांनी कृपया सल्ला द्यावा.

सी विंग, १०१ :
काकू, एवढ्या लांब पुन्हा जाणे होईलच असे नाही, म्हणून दोन्ही शहरे असलेली सहल घ्यावी असे मला वाटते. ब्रुसेल्स ही राजधानी आहे आणि ती पाहायची राहून गेली तर नंतर हळहळ वाटेल.

बी विंग, ३०४ :
काकू, मी दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन याच बंदरात उतरले होते आणि आम्ही नेमकी ती एकत्र सहल घेतली होती. तुम्ही ती घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. झेब्रुगेपासून ब्रुज अवघे १५ किलोमीटर आहे, तर ब्रुसेल्स शंभराहून अधिक, त्यामुळे आमचे जवळजवळ तीन तास बसमध्येच गेले आणि ब्रुजच्या वाट्याला जेमतेम दीड तास उरला. मुख्य चौकात फोटो काढला, चॉकलेटच्या दुकानात रांग लावली आणि निघालो. आईला ज्या कालव्यातून होडीने फिरायचे होते तो तिने पुलावरून पाहिला, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे. गेल्या वर्षी कामानिमित्त मी एकटी तिथे दोन दिवस राहिले, तेव्हा कळले की आम्ही किती मागे ठेवून आलो होतो.

हे गाव पाहण्याआधी त्याची एक गोष्ट माहीत असली, तर तिथला प्रत्येक कालवा वेगळा दिसू लागतो. ११३४ साली मोठ्या वादळाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी तयार केली आणि समुद्र गावाच्या जवळ आला. लोकर, कापड, मीठ आणि मसाले यांचा व्यापार तिथे एवढा वाढला की जिनोआ, व्हेनिस आणि फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनी तिथे आपापल्या पेढ्या थाटल्या. पुढे त्याच खाडीत गाळ साचत गेला, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि १५ व्या शतकाच्या अखेरीपासून व्यापारी एकेक करून अँटवर्पला गेले. आपल्या मलबारची मिरी पोर्तुगीज जहाजांतून १५०१ साली त्या भागात पोहोचली तीसुद्धा अँटवर्पलाच, ब्रुजला नाही. गाव गरीब झाले, नवे बांधायला पैसा उरला नाही, आणि म्हणूनच मध्ययुगातील रस्ते, विटांच्या घरांच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळत्या होणाऱ्या दर्शनी भिंती आणि कालवे बऱ्याच अंशी जसेच्या तसे राहिले. युनेस्कोने २००० साली गावाच्या या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तुमचे जहाज जिथे लागेल ते झेब्रुगे, म्हणजे ‘समुद्रावरचे ब्रुज’, हे बंदर १९०७ साली सुरू झाले, ते गावाला पुन्हा समुद्राशी जोडण्यासाठीच.

ई विंग, २०३ :
ताईंच्या माहितीत थोडी भर घालतो. मी वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये नोकरीला आहे. ‘बोर्स’, म्हणजे व्यापाऱ्यांचा सौद्यांचा बाजार, हा शब्द ब्रुजमधील व्हान डर बुर्से या कुटुंबाच्या नावावरून आला असे मानतात. त्यांच्या खाणावळीसमोरच्या छोट्या चौकात परदेशी व्यापारी हुंड्यांचे आणि मालाचे व्यवहार करत, आणि ती वास्तू मुख्य चौकापासून अगदी जवळ आजही उभी आहे. काकांना बँकेतील नोकरीमुळे यात नक्की रस वाटेल.

ए विंग, ५०२ :
हे वाचूनच ते उठून बसले आहेत! पण चालणे किती पडेल, ते कृपया सांगावे.

बी विंग, ३०४ :
काकू, त्याच चिंतेमुळे मी तिसरा पर्याय सुचवते, म्हणजे फक्त नेणे-आणणे. मार्गदर्शकाच्या मागे वीस-पंचवीस जणांच्या वेगाने चालताना काकांना त्रास होईल. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा जाड तळव्यांचे बूट हवेत.

पर्यटकांच्या बस गावाच्या दक्षिण टोकाला, मिनेवाटर या तळ्याजवळ थांबतात आणि तिथून चौक दीड किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेतच बेगिनहोफ लागते. १२४५ साली स्थापन झालेल्या या वसाहतीत बेगीन म्हणवणाऱ्या स्त्रिया राहत. त्या प्रार्थनेचे आयुष्य जगत, पण ख्रिस्ती मठांतील जोगिणींसारखे कायमचे व्रत घेत नसत, स्वतःच्या कष्टाने पोट भरत आणि मनात आले तर वसाहत सोडून संसारही करू शकत. त्या काळात नवऱ्याच्या किंवा मठाच्या आधाराशिवाय स्त्रीला सन्मानाने राहता येईल अशी जागा होती, हे समजल्यावर मी त्या झाडांखाली बराच वेळ बसून राहिले. भोवती पांढरी घरे आहेत आणि आता तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात, म्हणून आवाज करू नये अशी सूचना लावलेली आहे. ती आपण मनापासून पाळावी, कारण लोक तिथे रोज राहतात. गर्दीचा ताण एवढा वाढला होता की २०१९ साली नगर प्रशासनाने एका दिवशी झेब्रुगेला येणाऱ्या क्रूझ जहाजांची संख्या कमी करण्याचे ठरवले.

पुढे चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेली माता मेरी आणि बाळ येशू यांची संगमरवरी मूर्ती आहे. ती पाहण्यासाठी तिकीट लागते, पण तेवढा खर्च अवश्य करावा. १७९४ साली फ्रेंचांनी आणि १९४४ साली जर्मन सैन्याने ही मूर्ती उचलून नेली, आणि दुसऱ्या खेपेस ती ऑस्ट्रियातील मिठाच्या खाणीत सापडली. दोन्ही वेळा ती परत आली, आणि समोर उभे राहिल्यावर त्या शांत चेहऱ्याकडे पाहून डोळे भरून येतात.

बेलफ्री हा ८३ मीटर उंच मनोरा चौकात आहे आणि त्याला ३६६ पायऱ्या आहेत, म्हणून काकांनी तो नाद करू नये. मनोऱ्यातील ४७ घंटांचा नाद खाली अंगणातूनही छान ऐकू येतो. त्याऐवजी होडी घ्यावी. अर्ध्या तासाची फेरी असते, धक्क्यावर थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात, आणि कमी उंचीच्या पुलांखालून जाताना डोके जपावे लागते. दुपारी रांगा वाढतात, म्हणून आधी होडी आणि मग बाकी सारे, असा क्रम ठेवा.

डी विंग, ६०१ :
नमस्कार काकू, एक महत्त्वाची आठवण. जहाज साउथॅम्प्टनहून सुटणार असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा आणि बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा, असे दोन वेगळे व्हिसा लागतील. दुसरे असे की बेल्जियमची वेळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि मोबाइल मात्र आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून हातात साधे घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे.

सी विंग, १०१ :
स्वतः रेल्वेने गेले तर पैसे वाचणार नाहीत का?

बी विंग, ३०४ :
नक्की वाचतील, आणि गाडीने प्रवासही पंधरा-वीस मिनिटांचाच आहे. पण बंदराच्या आवारात पायी फिरता येत नाही, आधी फाटकापर्यंत बसने जाऊन मग स्थानक गाठावे लागते. जहाज त्यांच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर वाट पाहते, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. तरुणांनी रेल्वे घ्यावी, काका-काकूंनी घेऊ नये.

जेवणाबद्दल सांगायचे राहिले. तिथले बटाट्याचे फ्राइज परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, म्हणून वनस्पती तेलात तळले आहेत का हे आधी विचारल्याशिवाय घेऊ नका. वॉफलमध्ये अंडे असते. आम्हाला भाज्यांचे सूप आणि पाव सहज मिळाला. लेस घ्यायची असेल तर हे लक्षात असू द्या की दुकानांतील बरीचशी यंत्रावर विणलेली असते. हाताची लेस लाकडी रिळांवर कशी विणतात ते कांतसेंट्रुम या केंद्रात पाहता येते, पण ते चौकापासून दूर आहे, म्हणून काकांचा गुडघा साथ देईल तरच जावे.

ए विंग, ५०२ :
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही फक्त नेण्या-आणण्याची बस आजच नोंदवली आहे, आणि परतीसाठी शेवटची नव्हे, तर तिच्या आधीची फेरी धरू. क्रम असा लिहून घेतला आहे : बेगिनहोफ वाटेतच असल्यामुळे तिथे थोडे बसणे, मग होडी, मूर्ती, घंटा आणि यांच्या आग्रहामुळे बुर्से कुटुंबाची खाणावळ. व्हिसाच्या कागदपत्रांसाठी ६०१ कडे शनिवारी सकाळी येऊन बसले तर चालेल का? आणि ३०४, तुझ्या आईची ती घडीची काठी, जिला बसायला छोटी बैठक आहे, ती मे महिन्यापुरती मिळाली तर यांना तिचा फार उपयोग होईल.

बी विंग, ३०४ :
काकू, काठी आज संध्याकाळीच घेऊन येते. आईलाही तुमच्याशी बोलायचे आहे. होडीत डाव्या बाजूला बसा, असे तिला तुम्हाला सांगायचे आहे, आणि परत आल्यावर तिला सगळे सविस्तर ऐकायचे आहे.