मदत हवी आहे: घरखर्चाची खरेदी सवलतीच्या मोठ्या साखळी दुकानांतून करावी का?

आमचे चौघांचे कुटुंब आहे. महिन्याचे सामान यापुढे सवलतीच्या मोठ्या साखळी दुकानातून आणावे की नेहमीच्या छोट्या दुकानदाराकडूनच घेत राहावे, हे मला ठरवायचे आहे.

गेले 3 महिने मी दोन्हीकडची बिले जपून ठेवली आणि पाकिटावरच्या किमतीवर न थांबता प्रत्येक वस्तूचा दर किलोमागे किंवा लिटरमागे काढला. धुण्याच्या पावडरीची सारखीच दिसणारी दोन पाकिटे शेजारी ठेवली, तेव्हा एक 1 किलोचे, तर स्वस्त वाटलेले दुसरे 900 ग्रॅमचे निघाले आणि हिशेबात तेच महाग पडले. काही वस्तू मात्र तेथे खरोखरच स्वस्त आहेत, कारण अशी दुकाने घाऊक खरेदी करतात आणि ग्राहक आत यावा म्हणून मोजक्या वस्तू तोटा सोसूनही विकतात. यादी घेऊन गेलो तरी दर वेळी यादीबाहेरच्या चार वस्तू येतातच.

आमच्याकडे गाडी नाही, साठवणीला जागा कमी आहे आणि ऑनलाइन मागवणे शक्य नाही. शिवाय छोटा दुकानदार अडचणीच्या महिन्यात उधार देतो, खराब माल बिनबोभाट बदलून देतो. त्याचे गिऱ्हाईक तोडणे मला मनापासून नको आहे.

ज्यांनी किमान वर्षभर दोन्हीकडचा हिशेब ठेवला आहे, त्यांनी कृपया सांगावे: येण्याजाण्याचा खर्च आणि वाया जाणारे सामान धरूनही नेमक्या कोणत्या वस्तूंवर खरी बचत होते?