पणजोबांच्या कागदावर "मुकदमा दिल्लीस गेला" असं लिहिलंय. निजामाच्या राज्यातला खटला दिल्लीला कसा गेला?

गोदाकाठची (गंगाखेड)

नमस्कार. मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या झाडलोटीत माळवदावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या जमिनीच्या दाव्याचा फैसला सापडला. कडक पिवळा कागद, सगळं उर्दूत, साल १३५८ फसली. मागच्या बाजूला पणजोबांनी पेन्सिलीनं मोडीत दोन ओळी लिहिल्यात. पहिली ओळ गावातल्या जोशीबुवांनी वाचून दिली: "मुकदमा दिल्लीस गेला." दुसरी पुसट आहे.

आम्हाला सुप्रीम कोर्टाचा इतिहास शिकवतात तो असा: १९३७ चं फेडरल कोर्ट, लंडनची प्रिव्ही कौन्सिल, मग १९५० ला सुप्रीम कोर्ट. पण आपण तर लंडनच्या नव्हे, निजामाच्या अमलाखाली होतो. मग आपलं सर्वोच्च कोर्ट कोणतं होतं? आणि गंगाखेडचा दावा दिल्लीत पोचला कसा? चार दिवस शोधायले, नीट काही हाती लागेना.

वकीलकाका, लातूर

पोरी, आधी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात ठेव. ओल धरली तर शाई जाते.

फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे तुझा फैसला १९४८-४९ चा, पोलीस ॲक्शनच्या आगेमागेचा. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं हायकोर्ट होतं, मुशी नदीच्या काठावर. त्याच्या वर ज्युडिशियल कमिटी. लंडनला जी प्रिव्ही कौन्सिल, तीच हैदराबादेत ही कमिटी. आपल्या माणसाचं शेवटचं अपील तिथं संपायचं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तरी कोर्टाची ही उतरंड लगेच बदलली नाही. ती बदलली २६ जानेवारी १९५० ला. राज्यघटनेचा अनुच्छेद ३७४ काढ आणि त्याचा चौथा खंड वाच. तुमच्या वर्गात तो कुणी शिकवत नसेल, पण आपल्यासाठी सुप्रीम कोर्टाचा इतिहास तिथून सुरू होतो. 'ब' गटातल्या, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या राज्यांमध्ये प्रिव्ही कौन्सिलसारखं काम करणाऱ्या संस्थांचा अधिकार त्या दिवशी संपला आणि त्यांच्याकडची प्रलंबित अपिलं सुप्रीम कोर्टाकडे वर्ग झाली. हैदराबाद 'ब' गटात होतं. तुझ्या पणजोबांचं अपील कमिटीपुढं पडून असणार, म्हणून ते दिल्लीला गेलं.

प्रलंबित होतं हे नशीब समज. ज्यांचा हायकोर्टाचा निकाल २६ जानेवारीच्या आधी लागला आणि कमिटीपुढं काही नव्हतं, त्यांना सुप्रीम कोर्टानं विशेष परवानगीच्या वाटेनं आत घेतलं नाही. जनार्दन रेड्डी खटला वाच, तेलंगणातल्या फाशीची शिक्षा झालेल्या लोकांचा. कोर्ट म्हणालं, निकाल दिला तेव्हा हैदराबादचं न्यायालय भारताच्या राज्यक्षेत्रात नव्हतं. एका तारखेच्या अलीकडं-पलीकडं एवढं अंतर! मला तो निकाल आजही बोचतो.

आणि हे सुप्रीम कोर्ट तेव्हा होतं कसं? २८ जानेवारी १९५० ला उद्घाटन, सरन्यायाधीश हरिलाल कनिया धरून आठ मंजूर जागा. स्वतःची इमारतसुद्धा नाही. १९५८ पर्यंत ते संसद भवनात, नरेंद्र मंडळाच्या दालनात बसायचं. २०१९ ला न्यायाधीशांच्या जागा ३४ झाल्या.

माझे सीनियर उर्दूत वकिली शिकलेले होते. १९७६ ला मी त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा दाव्याचा मसुदा ते आधी उर्दूत मांडायचे, मग मराठीत. उलटतपासणीला 'जिरह' म्हणायचे. फैसला वाचून घ्यायचा तर असा जुना माणूस गाठ. शेजारी एखादे निवृत्त उर्दू मास्तर असतीलच.

उदगीरचा मास्तर

काका, लातूरचं नाव निघालंच आहे तर विचारतो. कासिम रझवी लातूरचाच वकील. त्याचंही अपील म्हणे सुप्रीम कोर्टानं ऐकलं. माझे आजोबा घरदार सोडून बार्शीकडच्या कॅम्पात गेले होते. ज्यानं रझाकार पोसले त्याला समानतेच्या हक्कावर बोलू दिलं, हे मला पटत नाही.

वकीलकाका, लातूर

मास्तर, तुमचा राग मी समजतो. आमच्याही घरच्या बायका महिनाभर रानात लपून होत्या. तरीही माझं मत वेगळं आहे.

बीबीनगर दरोड्याचा तो खटला. हैदराबादचे लष्करी गव्हर्नर असलेल्या जनरल चौधरींच्या काळात नेमलेल्या खास न्यायाधिकरणापुढं चालला. रझवीचं म्हणणं असं की, घटना आल्यावरही खटला त्याच खास पद्धतीनं चालवला, हा अनुच्छेद १४ चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा, भंग आहे. जानेवारी १९५३ मध्ये निकाल आला, पतंजली शास्त्री सरन्यायाधीश होते. शिक्षा कायम राहिली. पण निकाल एकमतानं नव्हे, बहुमतानं. बहुमताचं म्हणणं, आरोपीला नेहमीच्या खटल्यात मिळालं असतं त्यातलं मुख्य ते सगळं मिळालं. रझवी १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला.

आता बघा, हे कोर्ट जेमतेम तीन वर्षांचं. पुढं उभा माणूस असा, की साऱ्या मराठवाड्याला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. तरीही "याला आपल्यासारखीच वागणूक मिळाली का?" हा प्रश्न न्यायाधीशांनी इतका मनावर घेतला की त्यांच्यात मतभेद झाले. ज्या राज्यात आपल्या माणसांची दाद कुणी घेत नव्हतं, त्या राज्याच्या मागून हे कोर्ट आलं. मला त्याचा अभिमान वाटतो, मास्तर.

जालना रोड

औरंगाबाद खंडपीठाचा खटला राहिला की! १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि हायकोर्ट मुंबईला गेलं. परभणीच्या पक्षकाराला मीटर गेजनं मनमाड, तिथं गाडी बदलायची, मग मुंबई. एका तारखेला तीन-चार दिवस जायचे. १९७८ ला विधानसभेनं एकमतानं ठराव केला, तरी तीन वर्षं काही हललं नाही. शेवटी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायमूर्ती बसवले. मुंबई हायकोर्टानंच तो आदेश रद्द केला आणि सुप्रीम कोर्टानं १९८२ ला तो परत उभा केला. नारायण शामराव पुराणिक खटला. १९८४ ला खंडपीठ कायम झालं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तेही याच ५१(३) च्या आधारानं.

आणि न्या. प्रसन्न वराळे यांचं नाव लिही तुझ्या वहीत. आपल्या मराठवाडा विद्यापीठातून कायदा शिकले, याच खंडपीठात वकिली केली, आंबेडकर विधी महाविद्यालयात शिकवलं. जानेवारी २०२४ पासून सुप्रीम कोर्टात आहेत.

वकीलकाका, लातूर

बरं केलंत, ते माझ्याकडून सुटलंच होतं. पोरी, सुप्रीम कोर्टाच्या छापील निकालांचं ई-एससीआर पोर्टल फुकट आहे. जुन्या निकालांत 'स्टेट ऑफ हैदराबाद' टाकून शोध. छापील निकालात नाव नसलं तरी हिरमुसू नकोस, प्रत्येक अपील तिथं छापलं जात नसे.

गोदाकाठची (गंगाखेड)

काका, मास्तर, सगळ्यांचे आभार. ३७४(४) काल रात्री तीनदा वाचला. कागद आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवलाय. आमच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांनी फैसला अर्धा वाचला. बांधावरच्या विहिरीचा वाद होता आणि हायकोर्टात पणजोबा हरले होते.

दुसरी मोडी ओळ मोबाइलच्या उजेडात तिरपी धरून जोशीबुवांना परत दाखवली. "जोडी विकिली, रुपये" एवढं लागलं. आकडा फाटलेल्या कोपऱ्यात गेलाय. आजीला विचारलं तर म्हणाली, देवणी बैलांची जोडी होती, तिच्या सासूबाई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.